सातव्या पाचरीसमोरची चौकट

एकाच माणसाची एकच अक्कलदाढ मी तीनदा उपटलेली पाहिली आहे. पहिल्यांदा मार्चात, दुसऱ्यांदा जूनमध्ये आणि तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात. तिन्ही वेळा नेमकी रविवारच्या शिफ्टच्या आदल्या दिवशी. माणूस प्राध्यापक आहे. विश्वाच्या पहिल्या क्षणाबद्दल दीड तास न थांबता बोलतो, आणि रविवारी आठ तास खुर्चीत बसायचं म्हटलं की त्याचं तोंड सुजतं.

शिफ्टांचं वेळापत्रक मी करते. जमिनीखालच्या एका गोल बोगद्यात कणांचे दोन झोत समोरासमोर धावतात आणि एका जागी एकमेकांवर आदळतात. त्या जागेभोवती आमचा चार मजली उंच डिटेक्टर उभा आहे. झोत चालू असेल तोवर वरच्या कंट्रोल रूममध्ये सतत कोणीतरी बसलेलं लागतं. ते कोणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायचं काम माझं. त्याआधी डिटेक्टर सज्ज करायचा असतो. कोणती वायर कधी जोडायची, गॅस कधी भरायचा, व्होल्टेज कधी चढवायचं, तो आराखडाही मीच करते. सात वर्षं झाली. सुरुवातीला मला या लोकांबद्दल फार आदर होता. आता किळस येते, आणि मी ती लपवत नाही. लपवली काय न लपवली काय, मान वर करून बघणार कोण?

कंट्रोल रूम एकदा येऊन बघावी. कीबोर्डच्या बटणांमध्ये बिस्किटांचा इतका चुरा आहे की उलटा केला तर मुंग्यांचं महिन्याचं भागेल. हेडफोनच्या कानाच्या गाद्या चिकट झाल्यात, दर आठ तासांनी नवा माणूस तेच कानाला लावतो. मायक्रोवेव्हवर 'झाकून गरम करा' अशी चिठ्ठी मीच लावली होती, ती आता कोणाच्या तरी सूपच्या थराखाली आहे. एका कपात हिरवी बुरशी धरली होती. तो कप मी मुद्दाम उचलला नाही, कोण उचलतं ते बघायचं होतं. नऊ दिवसांनी कोणीतरी त्याच्यावर दुसरा कप ठेवला.

आणि या खोलीत बसून करायचं काय, तर दर शिफ्टला एकदा पडद्यावर चव्वेचाळीस आलेख उघडायचे. प्रत्येक आलेखाशेजारी त्याचा नमुना असतो. दोन्ही ताडून बघायचे आणि ठीक असेल तर समोरच्या चौकटीत टिक करायची. ठीक नसेल तर चौकट रिकामी ठेवून शेरा लिहायचा. एवढंच. पण मी मागे उभी राहून पाहिलंय. एक टिक, दुसरी टिक, आणि मग बोटाला लय सापडते. चव्वेचाळीस आलेख सत्तर सेकंदांत. जगातली सगळ्यात महागडी यंत्रं आणि सगळ्यात हुशार माणसं, आणि शेवटी पाट्या टाकायच्या त्या टाकायच्याच.

यंदा झोत नऊ दिवस आधी येणार असं कळलं आणि माझ्या आराखड्याचे बारा वाजले. वीस दिवसांची कामं अकरा दिवसांत कोंबायची होती. आमच्या प्रमुखांना सगळे मागे 'छान' म्हणतात, कारण त्यांना काहीही सांगितलं तरी ते आधी छान म्हणतात. गॅस गळतोय असं एकदा कोणी सांगितलं, तर तेव्हाही म्हणाले होते.

शेवटच्या दिवशी नमुना घ्यायचा होता. म्हणजे सगळा डिटेक्टर चालू करायचा आणि चव्वेचाळीस आलेख नोंदवून ठेवायचे. पुढे हंगामभर शिफ्टवाले त्याच्याशीच ताडून बघणार. नेमकी त्याच दिवशी सातव्या पाचरीची गॅस तपासणी आली. आमच्या डिटेक्टरच्या तोंडाशी एक मोठं चाक आहे, बारा पाचरींत कापलेलं. तपासणीच्या वेळी त्या पाचरीचं व्होल्टेज बंद ठेवावं लागतं. मी प्रमुखांना म्हटलं, नमुना उद्या घेऊ.

"उद्या झोत येतोय," ते म्हणाले. "आजच घ्या. मग बदलता येईल."

"एक पाचर बंद आहे, सर."

"छान. तसं लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं, 'नमुना तात्पुरता.' आमच्याकडे तात्पुरतं जितकं टिकतं तितकं दुसरं काही टिकत नाही. तपासणी संपली. गॅसवाल्यांना वाटलं, व्होल्टेज आता व्होल्टेजवाले चढवतील. व्होल्टेजवाल्यांना वाटलं, गॅसवाल्यांनी पाचर अजून सोडलेली नाही. दोघांनी आपापल्या चहाला जाऊन हात वर केले. पाचर बंदच राहिली. नमुन्यातही ती बंदच होती, त्यामुळे रोजचा आलेख नमुन्याशी तंतोतंत जुळायचा. बंद पाचर, बंद नमुना, टिक.

माझा नवरा याच प्रयोगात वायरमन आहे. त्या चाकाच्या बाराही पाचरींच्या वायरी त्याने ओढल्यात. एकेका पाचरीला तीनशे चौऱ्याऐंशी, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना त्याच्या अक्षरातली चिठ्ठी. पोटावर पडून, हात खांद्यापर्यंत आत घालून त्याने हे केलं, दोन हिवाळे. घरी यायचा तेव्हा कोपरं सोललेली असायची. त्याचा धाकटा भाऊ डॉक्टर आहे, बहीण कॉलेजात शिकवते. पाहुणे आले की सासूबाई त्या दोघांबद्दल भरभरून बोलतात, मग याच्याकडे बघून "हा पण असतो तिथे, मोठ्या प्रयोगात" म्हणतात आणि चहा टाकायला उठतात. तो हसतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ते हसू मला ओळखता येतं.

आमच्या शोधनिबंधांवर तीनशे बारा जणांची नावं असतात, माझंही. त्यातल्या कित्येकांनी डिटेक्टर फक्त फोटोत पाहिलाय. वायरमनचं नाव त्यात नसायचं. दोन वर्षांपूर्वी बरीच ओरड झाल्यावर एक नियम झाला, की एका हंगामात ज्या तंत्रज्ञाच्या तीस शिफ्टा पूर्ण होतील त्याचं नाव निबंधावर घालायचं. पूर्ण म्हणजे ज्या शिफ्टांच्या याद्या भरल्या गेल्या त्या. एक जरी चौकट रिकामी राहिली आणि शिफ्ट-प्रमुखाने तिचा शेरा मंजूर केला नाही, तर ती शिफ्ट अपूर्ण. आठ तास बसला असाल तरी.

नवऱ्याने तीस शिफ्टा मागितल्या. स्वतःच्या हक्काच्या रजा मोडून मागितल्या. घरचा माणूस म्हणून मी त्याला एकही सोयीची शिफ्ट दिली नाही, कोणी बोट दाखवायला नको म्हणून. दाढवाल्याचे रविवार त्यानेच केले. पहिल्या दिवशी जाताना इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, तिथे कोण बघणार आहे. म्हणाला, पडद्यासमोर बसायचंय, वायरीखाली नाही.

हंगाम सुरू झाला आणि त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो जेवताना म्हणाला, "सातव्या पाचरीत खड्डा आहे."

"कसला खड्डा?"

"आलेख बघ ना. सहावी आहे, आठवी आहे, मध्ये काहीच नाही. तीनशे चौऱ्याऐंशी वायरींतून एकही काही बोलत नाही. असं होत नाही."

"नमुन्याशी जुळतं का?"

"जुळतं. नमुन्यातही खड्डा आहे."

"मग कर की टिक."

"ती पाचर मी जोडलीये," तो म्हणाला. "ती चालू होती. ठीक नाही ते ठीक आहे म्हणून मी कसं लिहू?"

सासूबाई दोघांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, खड्डा म्हणजे रस्त्यात असतो तसा का. तो म्हणाला, तसाच, आई, फक्त वरून सगळे गाडी घालतात आणि कोणाला धक्का लागत नाही.

त्याने चौकट रिकामी ठेवली आणि शेरा लिहिला. शिफ्ट-प्रमुखाने शेरा नामंजूर केला. कारण दिलं, नमुन्याशी जुळते. नवऱ्याने पुढच्या शिफ्टला पुन्हा रिकामी ठेवली. मी एकदा व्होल्टेजवाल्याला फोन केला. म्हटलं, सातवी पाचर जरा बघता का, एक जण सांगतोय बंद दिसते.

"कोण सांगतोय?"

"वायरमन आहेत एक."

"ताई, नमुन्याशी जुळतंय ना? मग त्यांना म्हणावं, तुम्ही वायरी ओढा."

तो माझा नवरा आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं. पण मी चिडून उठले का, नमुन्याची फाईल उघडली का, 'तात्पुरता' हा माझाच शब्द मला आठवला का? नाही. दुपारी दोनच्या शिफ्टला माणूस नव्हता, तो शोधत बसले. घरी त्याला म्हटलं, विचारलं मी, ते बघतील.

सहावा आठवडा संपेपर्यंत असं चाललं. त्याचा हेका सुटेना. मी समजावलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. तो शांतपणे जायचा, आठ तास बसायचा, त्रेचाळीस टिका करायचा आणि चव्वेचाळिसावी चौकट सोडून यायचा. घरात आमटीची धार सांडली तरी पुसायला विसरणारा माणूस, एका चौकटीसाठी असा अडून बसला होता. मग एकदा वीज गेली, सगळा डिटेक्टर नव्याने चढवताना सातवी पाचरही आपोआप चालू झाली, नवा नमुना घेतला गेला आणि उरलेल्या हंगामात तो चव्वेचाळीसही टिका करू लागला. हंगाम संपला तेव्हा हिशेब सरळ होता. तीस शिफ्टा केलेल्या, एकोणीस पूर्ण, अकरा अपूर्ण.

नावांची यादी बंद व्हायच्या दिवशी मी दुपारी त्याला फोन लावला. तो खाली बोगद्यात होता, मागे पंख्यांचा आवाज येत होता.

"पाचपर्यंत मुदत आहे," मी म्हटलं. "अकरा टिका आहेत फक्त. तू तुझ्या नावाने आत जा आणि करून टाक. जुन्या शिफ्टा अजून उघडतात."

"नको."

"अरे, सगळ्यांनी केल्यात. कोणाला काही फरक पडत नाही."

"मला पडतो ना," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी करू परत तीस."

पुढच्या वर्षी. पुन्हा तीस रजा, पुन्हा दाढवाल्याचे रविवार, पुन्हा तो इस्त्रीचा शर्ट. समोर तीनशे बारा जणांची यादी उघडी होती. दाढवाला होता. हिरव्या कपावर कप ठेवणारा होता. तीन वर्षांत एकदाही इथे न फिरकलेला, दुसऱ्याच गावात बसून सही पाठवणारा एक होता. या सगळ्यांची शिसारी आली आणि त्या तिरमिरीत मी वेळापत्रकवालीचा माझा पासवर्ड टाकून त्याच्या शिफ्टा उघडल्या. त्या पासवर्डने कोणाचीही यादी दुरुस्त करता येते. टिक केली की शेऱ्याची जागा बंद होते आणि लिहिलेलं पुसलं जातं. ते मला ठाऊक होतं. एकेक शेरा एक ओळीचा होता. 'सातव्या पाचरीत खड्डा आहे. कृपया बघावे.' अकरा वेळा 'कृपया.' मी अकरा टिका केल्या. सत्तर सेकंदसुद्धा लागले नाहीत.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

दोन दिवसांनी यादी सगळ्यांना गेली. तो घरी आला, हातात फोन, चपला काढायच्या आधी म्हणाला, "माझं नाव आहे."

"हो."

"पण अकरा अपूर्ण होत्या."

तेव्हा सांगता आलं असतं. मी पाठमोरी होते, भांडी विसळत होते. म्हटलं, "शिफ्ट-प्रमुखांनी शेवटी शेरे मंजूर केले वाटतं."

त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "म्हणजे वाचले त्यांनी." त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी नळ मोठा केला. नाव आलं यापेक्षा कोणीतरी आपलं लिहिलेलं वाचलं, याचाच त्याला जास्त आनंद झाला होता. आत जाऊन त्याने आईला सांगितलं, बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, आता तुला प्रोफेसर म्हणायला हवं. तो हसला, आणि ते हसू वेगळं होतं.

पुढच्या महिन्यात हे सगळं बाहेर आलं. आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, हंगामाच्या नोंदी तपासत होती. तिच्या चित्रात एका बाजूची फोड कोणीतरी कापून नेल्यासारखी गायब होती. तिने आधी चार दिवस स्वतःचीच चूक शोधली. मग नमुन्याची फाईल उघडली, माझा शब्द वाचला, 'तात्पुरता', आणि थेट प्रमुखांकडे गेली. सहा आठवड्यांच्या नोंदींना भोक पडलं होतं. ते गणिताने बुजवता येणार होतं, पण वर जाऊन उत्तर द्यायचं होतं. मोठ्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं.

ती सभा म्हणजे घाण होती, दुसरा शब्द नाही. गॅसवाल्यांनी व्होल्टेजवाल्यांवर ढकललं, व्होल्टेजवाल्यांनी आराखड्यावर. म्हणजे माझ्यावर. मी प्रमुखांकडे पाहिलं. नमुना आजच घ्या असं सांगणारे आपणच, हे त्यांना आठवत असेल तर चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. दाढवाला म्हणाला की मुळात ही यादी तयार करण्याची पद्धतच अशास्त्रीय आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी सत्तर सेकंदांत चव्वेचाळीस टिका केल्या होत्या ते आता पद्धतीवर बोलत होते.

शेवटी प्रमुख म्हणाले, "सहा आठवडे. एकशे सव्वीस शिफ्टा. एकाही माणसाला दिसू नये?"

मागच्या रांगेतून माझा नवरा उठला. वायरमन लोक मागेच बसतात.

"मला दिसलं होतं, सर," तो म्हणाला. "अकरा वेळा लिहिलंय मी. चौकट रिकामी ठेवलीये आणि शेरा दिलाय. बघा तुम्ही."

सगळे वळले. प्रमुखांनी त्याचं नाव विचारलं. त्या पीएचडीवाल्या मुलीने मोठ्या पडद्यावर त्याच्या शिफ्टा उघडल्या. मी पाचव्या रांगेत होते. पडद्यावर त्याची पहिली यादी आली. सातवी पाचर, टिक. दुसरी आली. टिक. ती एकेक यादी खाली सरकवत गेली, अकराही. शेऱ्याच्या जागा करड्या आणि रिकाम्या. कोणीतरी फसकन हसलं. एकाने शेजाऱ्याला म्हटलेलं मला ऐकू आलं, सगळ्यांनाच नंतर दिसतं.

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग तो शोधत होता, आणि मग त्याने मला शोधलं. दुसऱ्याची यादी कोणाच्या पासवर्डने दुरुस्त करता येते हे त्याला माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे दोन-तीन सेकंद पाहिलं असेल. मला उठायला तेवढे पुरे होते. मी बसून राहिले.

"मग मीच केली असेल टिक," तो म्हणाला. "विसरलो असेन. माफ करा."

आणि तो खाली बसला. एक खोटी टिक करायची नाही म्हणून जो माणूस नावावर पाणी सोडायला तयार होता, तो माझ्यासाठी तीनशे माणसांसमोर खोटं बोलला. कोपऱ्यातला पंखा फिरत होता. प्रमुखांनी पुढचा विषय घेतला.

घरी तो माझ्याआधी पोचला होता. सासूबाईंना काही माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर आम्ही जेवलो, त्याने मीठ मागितलं, मी दिलं. त्या झोपायला गेल्यावर मी म्हटलं, "बोल ना काहीतरी. ओरड तरी."

"शेरे मंजूर झाले असं तू सांगितलंस," तो म्हणाला. "ते कशाला सांगितलंस? टिका केल्यास ते एक वेळ ठीक. मला महिनाभर वाटत होतं, कोणीतरी वाचलं."

तुझ्या भल्यासाठी, असं काहीतरी तोंडाशी आलं आणि त्याचीच मला ओकारी आली.

"त्या चौकटी परत रिकाम्या करता येतात का?" त्याने विचारलं.

"येतात. पण मग तुझं नाव जाईल."

"जाऊ दे."

सकाळी मी ऑफिसात गेले, अकरा चौकटी रिकाम्या केल्या आणि प्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. पासवर्ड, टिका, पुसलेले शेरे, सभेत गप्प बसणं. त्यांनी ऐकून घेतलं. छान म्हणाले नाहीत, तेवढी लाज होती.

"शेरे आता कुठे आहेत?"

"पुसले गेले."

"म्हणजे पुरावा तुमचा शब्द. आणि तुम्ही त्यांच्या पत्नी."

"शिफ्ट-प्रमुखांना विचारा. व्होल्टेजवाल्यांना विचारा, मी स्वतः फोन केला होता."

"विचारेन," ते म्हणाले. विचारलंही असेल. दोघांनी कानावर हात ठेवले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. "पण मुद्दा वेगळा आहे," त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "चौकटी रिकाम्या म्हणजे शिफ्टा अपूर्ण. एकोणीस उरतात. मला त्यांचं नाव काढावं लागेल."

"ज्याला दिसलं त्याचं काढणार आणि ज्यांनी न बघता टिका केल्या त्यांची ठेवणार?"

"त्यांच्या याद्या पूर्ण आहेत," प्रमुख म्हणाले.

वाईट हे की ते हे उपरोधाने म्हणत नव्हते. त्यांना खरंच दुसरं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, मग माझंही काढा. ते म्हणाले, तुमच्या शिफ्टा पूर्ण आहेत, स्वतःहून नाव काढायचा अर्ज वेगळा असतो. वेळापत्रकाचं काम मात्र तुमच्याकडे राहणार नाही. मी तो अर्ज मागून घेतला. एक पानाचा आहे. माझ्या टेबलाच्या खणात आहे, अजून भरलेला नाही. बढतीच्या वेळी निबंध मोजतात, हे मला माहीत आहे.

चार महिन्यांनी निबंध आला. नोंदींना पडलेल्या भोकाबद्दल त्यात एक तळटीप आहे: 'सातवी पाचर काही काळ कार्यरत नव्हती, ही बाब हंगामादरम्यान कोणाच्याही निदर्शनास आली नाही.' तीनशे बारा नावं, आडनावांच्या क्रमाने. आमचं आडनाव एकच, म्हणजे त्याचं नाव माझ्या बरोबर वर आलं असतं. तिथे दाढवाला आहे.

त्याने घरी विचारलं, आलं का. मी टाळत होते, पण त्याने हात पुढे केला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून त्याने ती नावं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. घाई नाही, वायरींवरच्या चिठ्ठ्या वाचतो तसं बोट ठेवून. मी गॅससमोर उभी होते. माझ्या नावापाशी बोट थांबलं.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. मग बोट तिथेच ठेवून, "तुझ्या किती शिफ्टा होत्या गं, त्या सहा आठवड्यांत?"

"चार."

"आणि सातवी पाचर?"

मी दुधाकडे बघत होते. चार शिफ्टा, प्रत्येकीत एक यादी. पहिल्या शिफ्टच्या दिवशी सकाळी त्याने मला दारातच सांगितलं होतं, आज तू आहेस ना, जरा बघ. मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी रविवारसाठी माणूस मिळत नव्हता, यादी भरताना एका हातात फोन धरून मी तेच बोलत होते.

"केली होतीस ना टिक?" त्याने विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "चारही वेळा."

त्याने मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं.